बाई, खारीक उकळतात

प्रिय बाई,

रागावू नका, उशीर झालाय. तुम्ही जानेवारीत गेलात आणि मी जुलैत लिहितेय. मधल्या काळात मिलिंददांनी तुमच्या स्मृतिग्रंथासाठी माझ्याकडे दोन पानं मागितली. "आठवणी लिही गं, सोपं असतं ते," म्हणाले. मी लॅपटॉप उघडायचे, 'आदरणीय बाई' एवढं लिहायचे आणि बंद करायचे. तुम्हाला मी कधी आदरणीय म्हटलंय का? तुम्हीच ते खोडून शेजारी 'मुद्दा?' असं लिहिलं असतंत.

आज मुद्दा मिळालाय. इतका मोठा की काल दुपारपासून पोटात मावत नाहीये. नवऱ्याला सांगून झालं, शेजारच्या केरळी वहिनींना सांगून झालं, त्या बिचाऱ्या चहा पिऊन परत गेल्या. ही बातमी ऐकून जागच्या जागी उडी मारेल अशी बाई जगात एकच होती. आता ती नाही, तर मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तर ऐका. बाई, तुम्ही चुकलात. आणि काय सुंदर चुकलात!

थांबा, क्रमाने सांगते. तुम्हाला क्रमाशिवाय काही चालायचं नाही.

तुम्ही आर्थिक इतिहासात आलात तेव्हा या विषयातली मोठी माणसं कापूस, रेल्वे आणि गिरण्या यांवर लिहीत होती. तुमच्या गाइडनी तुम्हालाही गिरण्याच घ्यायला सांगितल्या होत्या. आणि तुम्ही काय घेतलंत? खारीक! मामेबहिणीच्या लग्नात ओटी भरताना तुम्ही तिच्या पदराकडे बघत बसलात, हे तुम्ही आम्हाला दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचात. तांदूळ आपला, नारळ आपला, हळकुंड आपलं. पण ही खारीक कुठली? आपल्याकडे खजुराची बाग कुणी पाहिलीय? मग समुद्रापलीकडचं फळ आपल्या सवाष्णीच्या ओटीत एवढ्या मानाने कसं येऊन बसलं?

त्या एका प्रश्नात तुमचं सगळं करिअर गेलं. पुरुष मंडळी तुमच्या पाठीमागे तुम्हाला 'खारीकबाई' म्हणायची. एका चर्चासत्रात कुणीतरी तुमच्या निबंधाला 'ओटीभरणाचा इतिहास' म्हणालं आणि सभागृह हसलं. तुम्हीही हसलात, आणि पुढच्या लेखाला तेच नाव दिलंत. तुमचं म्हणणं साधं होतं. व्यापार नुसते राजे आणि गलबतांचे मालक चालवत नाहीत. या किनाऱ्यावरच्या साध्या घरातलं लग्न, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू, उपासाचा फराळ यांनीही समोरच्या किनाऱ्यावरचं काम ठरवलं.

पण एका जागी तुमचं घोडं पेंड खायचं. टीकाकार विचारायचे, खारीक म्हणजे खजूर विकून उरलेला, वाळून खडखडीत झालेला माल. उरलंसुरलं घेणारं गिऱ्हाईक बाजार कसा काय चालवेल? यावर तुमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण खजूर वाळला की खारीक होते, हे तुम्हालाही तितकंच पक्कं ठाऊक होतं जितकं तुमच्या आईला, वाण्याला आणि सगळ्या महाराष्ट्राला. असल्या गोष्टी तपासायला जातं कोण?

मी तुमच्या वर्गात आले ती वसईहून, कानात सोन्याच्या रिंगा आणि डोक्यात अर्थशास्त्राची गाइडं घेऊन. तुम्ही मुलांना नावाने हाक मारायचा नाहीत, गावाने मारायचात. "मालाचं गाव आधी, नाव नंतर." मिलिंददा 'सातारकर' झाले, मी 'वसईकर'. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांना घरी जाऊन विचारायला लावलंत, लग्नात कोणकोणतं कोरडं सामान लागतं. मी उभी राहून म्हटलं, "बाई, आमच्याकडे केक असतो." वर्ग हसत सुटला. तुम्ही मात्र गंभीरपणे विचारलंत, "केकात मनुका असतात ना? कुठून येतात?" मी खाली बसले ती आर्थिक इतिहासाची होऊनच.

आणि ती खुर्ची. बाई, खुर्चीबद्दल लिहिल्याशिवाय तुमच्याबद्दल काय लिहिणार? वेताची, हातांवरची पट्टी सुटलेली. तुमच्या मांडणीत जो चूक काढेल त्याने उरलेला तास त्या खुर्चीत बसून बोलायचं, आणि तुम्ही पहिल्या बाकावर जाऊन बसायचं. पेन उघडून, वही पुढे ओढून! शंका असली की हातसुद्धा वर करायचात. मिलिंददा त्या खुर्चीत बसले होते. तुम्ही एका तालुक्याचा मण दुसऱ्या तालुक्याच्या मापाने धरला होता, ते त्यांनी पकडलं. ती गोष्ट ते अजून सांगतात, आणि दर वेळी खुर्ची थोडी मोठी होते. पुढे काहीजण मिठावर काम करायला लागले, कुणी सुक्या मासळीवर, कुणी काथ्यावर. त्यांच्या वर्गांतही अशी एकेक खुर्ची आहे म्हणे. माझ्या वर्गात तर आहेच. आमच्या अकरावीच्या मुली हल्ली माझे आलेख इतक्या बारकाईने बघतात की मला रात्री दोनदा तपासावे लागतात.

पण तुमच्या खुर्चीत मी कधी बसले नाही. खूप प्रयत्न केला. चूक सापडलीच नाही.

मग लग्न ठरलं, विन्सेंटची नोकरी मस्कतला. पीएचडी अर्धी टाकून जायचं म्हणून मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले. तुम्ही समजूत घालाल असं वाटलं होतं. तुम्ही तर टाळीच वाजवलीत. "ओमानला? अगं, मग रडतेस काय? तू फील्डवर चाललीयस!"

कसलं फील्ड, बाई! वादी कबीरचा फ्लॅट, खाली गाड्यांची वर्कशॉपं, सकाळी शाळेच्या बसची रांग. मी शाळेत अर्थशास्त्र शिकवते, विन्सेंट अल् खुवैरला ऑफिसात. इतकी वर्षं झाली, पण दर फोनवर तुमचं एकच, "काय वसईकर, खारीक दिसली का?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "नाही बाई, इथे खजूरच दिसतो."

तुम्ही स्वतः आलात तेव्हा आठवतंय? डिसेंबरात. सगळे पाहुणे डिसेंबरातच येतात, हवा छान असते. मत्राच्या सूकमध्ये तुम्ही प्रत्येक दुकानात शिरून खारीक मागितलीत. दुकानदार प्रेमाने मऊ, मधाळ खजूर पुढे करायचे आणि तुम्ही नको नको म्हणत खायचात. खारीक कुणाकडेच नव्हती. संध्याकाळी आमच्या बाल्कनीत पाय वर घेऊन बसलात आणि म्हणालात, "इथे कुणी खातच नाही. म्हणजे उरतं ते आपल्याकडे ढकलतात." पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते वाक्य घातलंत. माझे आभारही मानलेत. पुस्तकात माझं नाव आलं तेव्हा आमच्या घरी सुंगटांचं, तुमच्या भाषेत कोळंबीचं, कालवण झालं होतं.

आता कालचं सांगते.

तुम्हाला माहीत आहे, इथल्या भारतीय शाळांना जून-जुलै सुट्टी. उकाडा सुरू झाला की आम्ही सगळे विमानात. विन्सेंट म्हणतो, उन्हाळ्यात मस्कतमध्ये एसी आणि ओमानी तेवढे उरतात. मीही इतक्या वर्षांत इथला जुलै पाहिला नव्हता. यंदा त्याला रजा मिळाली नाही, म्हणून राहिले, आणि तोंड फुगवून घरात बसले. त्याच्या ऑफिसात सालेम म्हणून आहे, बिदियाचा, वाळवंटाच्या कडेचं गाव ते. त्याला दया आली असणार. घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, आप लोग जून में सब भाग जाता है. इधर का असली काम तो तभी होता है. फ्रायडे को आओ, तबसील देखो."

"तबसील क्या होता है?"

"आओ ना. बोलेगा तो समझेगा नहीं."

विन्सेंट गाडी चालवताना कुरकुरत होता. "एवढ्या हीटमध्ये लोक बीचवर पण जात नाहीत, आणि आपण डेझर्टमध्ये चाललोय." मीही मनातून तेच म्हणत होते.

बिदियाला बागेत शिरलो तर जत्रा! माणसं झाडांवर चढलेली, खाली पिवळेधमक घोस दोरीने उतरताहेत, रंगीत कपड्यांतल्या बायका फळं तोडून टोपल्यांत टाकताहेत, पोरं मध्ये मध्ये लुडबुडताहेत. फळं टणक, कच्ची. मी सालेमला म्हटलं, कच्ची का काढता? पिकू द्या की.

"मॅडम, ये खाने वाला खजूर नहीं है. वो झाड उधर है, अलग. ये मबसली है. इसको पकने नहीं देता. पीला हुआ, खलास, उतारा, उबाला."

उबाला? बाई, माझे कान टवकारले. बागेच्या कडेला मातीच्या भल्यामोठ्या चुलीवर तांब्याची कढई, आपल्या गावजेवणाच्या काहिलीएवढी. खाली खजुराच्याच वाळक्या झावळ्या धडाडून पेटलेल्या. कढईत ती पिवळी फळं रटरटत होती. हेच ते तबसील. झाऱ्याने काढून बाहेर ओतली की पोरं फुंकत फुंकत एकेक पळवत होती. मलाही एक मिळालं, गरम, गोड, किंचित तुरट. मग सालेम आम्हाला पलीकडे घेऊन गेला. मोकळ्या जमिनीवर, उन्हात, उकडलेली फळं पसरलेली. एका टोकाला आजची, ओली आणि चमकदार. दुसऱ्या टोकाला आधीची, वाळून सुरकुतलेली. मी त्यातलं एक उचललं आणि चावलं.

दात थांबला. तुम्हाला सांगायला नको. ती खारीक होती.

मी तिथेच मटकन खाली बसले. विन्सेंट पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला वाटलं ऊन लागलं. मी म्हटलं, "विन्सी, उकळतात! खारीक उकळतात!" तो म्हणाला, "हो, बघितलं मी आत्ता. मग?"

मग काय? बाई, तुम्हाला कळलं ना? तुम्हाला तर मी 'उबाला' म्हणतानाच कळलं असेल. ही खारीक म्हणजे उरलेला खजूर नव्हेच. ती खजूर कधी झालीच नाही! तिचं झाड वेगळं. पिकायच्या आधी तिला मुद्दाम उतरवायचं, उकळायचं, मग वाळवायचं. आणि हे सगळं कुणासाठी? मी सालेमला विचारलं, तुम्ही खाता? तो हसला. "सूखा हुआ? नहीं मॅडम, दांत टूटेगा. ये सब इंडिया जाता है. मेरा बाप का टाइम भी इंडिया, दादा का टाइम भी इंडिया."

म्हणजे सूकमध्ये खारीक का नव्हती? इथे कुणी खात नाही हे तुमचं बरोबर होतं. पण म्हणून ती उरते असं नाही, ती आपल्यासाठीच करतात म्हणून इथे दिसत नाही. पुरावा तुमच्या हातात होता, बाई, तुम्ही उलटा धरला होतात. आणि मी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. दर वर्षी नेमकी हे सगळं सुरू होताना विमानात बसून वसईला जात होते, आणि तिथल्या वाण्याकडून ही बिदियाची खारीक आणून तुमच्या घरी नेत होते.

सालेमची आई आमच्याकडे बघत होती. तिने मुलाला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "मम्मा पूछता है, इंडिया में इतना सारा लेके क्या करता है?" मी ओटी समजावून सांगितली. माझ्या मोडक्या हिंदीची त्याने अरबी केली. ती मन लावून ऐकत होती. मग तिने विचारलं, दुल्हनला देता, तर ती खाते कधी? बाई, तुमच्या तीस वर्षांच्या कामात हा प्रश्न कुणी विचारला होता का? मी म्हटलं, खात नाही, नुसती पदरात घेते. तेव्हा त्या माउलीने वाकून ओंजळभर खारका उचलल्या, माझ्या ओढणीचं टोक धरलं, त्यात घातल्या आणि मान तिरकी करून विचारलं, असं? मी म्हटलं, असंच. माझे डोळे भरून आले. आमच्या घरात कुणी माझी ओटी भरली नव्हती, ती बिदियात भरली गेली. विन्सेंट म्हणाला, "आता चर्चमध्ये फादरना काय सांगायचं ते तूच सांग."

परत येताना मी गाडीत अखंड बोलत होते. ज्या जागी तुमचं घोडं अडत होतं, तिथेच तर रस्ता आहे! उरलेल्या मालासाठी कोणी वेगळ्या जातीचं झाड लावतं का? खजुराचं झाड फळायला वर्षं घेतं. म्हणजे समोरच्या किनाऱ्यावर कुणीतरी, वर्षानुवर्षं आधी, आपल्याकडच्या एखाद्या अनोळखी नवरीच्या ओटीसाठी झाड लावत होतं. तुमचं वाक्य खोटं ठरलं आणि तुमचं म्हणणं दुप्पट खरं ठरलं.

हो हो, ऐकू येतंय मला. "वसईकर, एका दुपारच्या उकळीवर इतिहास लिहू नकोस. हे किती जुनं? सगळीकडची खारीक अशीच का? सालेमचा आजोबा म्हणजे पुरावा नव्हे." मान्य. ते सगळं शोधायचंय. पण आधी थोडं नाचू द्या ना!

नाचायला पहिला फोन लावला तो मिलिंददांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान आहे, सिसिलिया. पण हे ग्रंथात नको."

"का?"

"अगं, बाई गेल्यात. 'ओटीभरणाचा इतिहास' आपण ग्रंथात पुन्हा छापतोय, तो त्यांचा सगळ्यांत गाजलेला लेख. त्याच्याखाली 'हे चूक आहे' असं आपणच छापायचं? ज्यांनी जन्मभर त्यांना खारीकबाई म्हणून हिणवलं ते टपून बसलेत. त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं? स्मृतिग्रंथ आहे हा, परीक्षेचा पेपर नाही."

मला राग आला, पण ते तुमची राखण करत होते, बाई. तुम्ही गेल्यापासून तुमचं पुस्तकांचं कपाट तेच आवरताहेत. आणि मी घाबरलेही. माझ्या दोन पानांनी खरंच तुमचं हसं झालं तर? परत कुठल्या सभागृहात लोक हसले, आणि या वेळी उलट हसायला तुम्ही नसलात तर?

मग मला खुर्ची आठवली. मी म्हटलं, "मिलिंददा, तुम्ही मणाची चूक काढलीत त्या दिवशी बाईंचा मान गेला होता का?"

"त्या दिवशी," ते हळूच म्हणाले, "बाई स्टाफरूमभर सांगत फिरल्या. सातारकराने मला पकडलं, सातारकराने मला पकडलं. घरी जाताना रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं."

"मग?"

"लिही. पण मोजकं लिही. आणि काय पाहिलंस तेवढंच लिही, पाल्हाळ नको." अगदी तुमच्यासारखं म्हणाले. मग नाक ओढून म्हणाले, "मी तरी एक मणच पकडला होता. तू तर अख्खं झाड पकडलंस."

बाई, मला तुमची फार आठवण येते. चूक सापडली की आपण खुर्चीत बसणार, बाई बाकावर बसणार, या एका आशेवर मी इतकी वर्षं वाचत राहिले. सापडली तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. सहा महिने थांबला असतात तर काय बिघडलं असतं? हे मात्र मी तुम्हाला सहजासहजी माफ करणार नाही.

प्रकाशन डिसेंबरात पुण्याला आहे. स्टेजवर तुमची वेताची खुर्ची ठेवायची, तिच्यावर तुमचा फोटो, फोटोला हार, असं मिलिंददांचं ठरलंय. मी त्यांना सांगितलंय की तसं चालणार नाही. ते हो म्हणालेत.

तर माझा शब्द घ्या. त्या दिवशी मी बिदियाची खारीक पिशवी भरून आणीन आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवीन. हार फोटोला नाही घालणार. फोटो स्टेजवरही नाही ठेवणार. तो खाली, पहिल्या बाकावर ठेवीन, पुढ्यात वही, वहीवर उघडं पेन. आणि मी वर जाऊन तुमच्या खुर्चीत बसेन.

तुम्ही लिहून घ्या. शंका असली तर हात वर करा.

तुमची,
वसईकर
वादी कबीर, मस्कत